भाड्याची होडी : एक अभ्यास

वाहन भाड्याने ठरविणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण गाडी ठरवितो, सोयाबीन मेहकरच्या बाजारात न्यायला टेम्पो ठरवितो, शेगावला दर्शनाला जाताना जीप ठरवितो. या व्यवहारात घासाघीस कुठवर करावी, शेवटची दोन माणसे कशी दाटीवाटीने बसवावीत आणि ड्रायव्हरला केव्हा दटवावे, हे आपल्याकडील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु हेच व्यवहारचातुर्य समुद्रकिनारी होडी ठरविताना उपयोगी पडत नाही. उपयोगी पडत नाही इतकेच नव्हे, ते घातक ठरते. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिवरा आश्रमात बसून समुद्राच्या होडीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तर दरवर्षी हिवाळ्यात आपल्या भागातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली कोकणात जातात, आणि तिथे गेलेला विद्यार्थी होडीत बसल्यावाचून परतत नाही. दुसरे असे की, होडीचे भाडे हा विषय या परिसराला अगदीच परका नाही. ज्या स्वामी विवेकानंदांच्या नावाने येथला आश्रम उभा आहे, ते १८९२ च्या डिसेंबरात कन्याकुमारीस पोचले तेव्हा नावाड्याला द्यायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते, म्हणून ते पोहतच त्या शिळेवर गेले, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगतात. आपण स्वामीजी नव्हे. आपल्याला होडी लागते, आणि होडी लागली की भाडे आले, भाडे आले की सौदा आला.

मी भूगोल व अर्थशास्त्र हे विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. गेल्या माघ महिन्यात आमच्या सहलीबरोबर मालवण-तारकर्लीस जाण्याचा योग आला. तेथे जे पाहिले आणि परतल्यावर जे वाचले, त्या दोहोंच्या आधारे हे विवेचन केले आहे.

आपण भाड्याने घेतो ते काय?

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याची पायाभरणी केली. किल्ला इतका जवळ वाटतो की, चांगला पोहणारा मुलगा सहज जाऊन येईल असे मनात येते. पण मधल्या पाण्यात खडकच खडक आहेत. काही भरतीत बुडतात, ओहोटीत डोके वर काढतात. काही कधीच दिसत नाहीत. जागा निवडताना या खडकांचाच उपयोग महाराजांनी केला. परक्या जहाजाला तटाजवळ येता येऊ नये आणि आपल्या होडीला मात्र वाट माहीत असावी, हे त्यामागचे तत्त्व. ही जागा दाखविण्यात स्थानिक कोळ्यांचा हात होता आणि त्याबद्दल त्यांना बक्षीस मिळाले, असे परंपरा सांगते.

ही वाट आजही पाण्यावर आखलेली नाही. ती तांडेलाच्या डोक्यात आहे. मालवणच्या दक्षिणेस तारकर्ली-देवबागची चिंचोळी पट्टी आहे. तिच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला देवबागजवळ नदी समुद्रास मिळते. त्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, आणि ते एका जागी राहत नाहीत. गेल्या हंगामात जिथून होडी सुखरूप गेली तिथे यंदा गुडघाभर पाणी असू शकते. हे रोज पाहणाऱ्यालाच कळते.

म्हणजे होडी भाड्याने घेताना लाकूड वा फायबर, इंजिन आणि डिझेल एवढेच आपण घेत नाही. त्यांहून मोलाची वस्तू म्हणजे तांडेलाची माहिती. गाडीच्या बाबतीत रस्ता सर्वांना दिसतो, म्हणून भाडे देणारा ‘जरा जोरात घ्या’, ‘इकडून वळवा’ असे सांगू शकतो. पाण्यावर रस्ता एकालाच दिसतो. साहजिकच तेथे हुकूम त्याचाच चालला पाहिजे. ‘आता जाता येणार नाही’ असे म्हणण्याचा त्याचा अधिकार हा आपण भाड्याने घेतलेल्या वस्तूचाच एक भाग आहे. माझ्या मते तो सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि आपला सौदा नेमका त्याच्यावरच घाव घालतो. पुढील सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

पंचांगातला समुद्र

आपल्याकडे वेळ म्हणजे एस. टी. ची वेळ. समुद्राची वेळ निराळी असते. भरती व ओहोटी ही चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने होतात हे आपण शाळेत शिकतो, पण सहलीचा कार्यक्रम आखताना विसरतो. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी ८ वाजता जिथून होडी गेली, तिथून आज ८ वाजता तितके पाणी मिळेलच असे नाही.

कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; जो आकडा येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा अंदाज आहे. बंदराबंदरात थोडाफार फरक पडतो, आणि अचूक वेळेसाठी छापील तक्ते असतात. तरी ज्याच्या घरी भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर आहे, त्याला मेहकर तालुक्यात बसूनही मालवणची भरती अदमासे काढता येते, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटली.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती फार चढते व ओहोटी फार उतरते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो. ती भांगाची भरती. उधाणाच्या दिवसांत खाडीचे पाणी बाहेर पडताना ओढ मोठी असते. एरवी संथ दिसणारी खाडी त्या काही तासांत नदीसारखी वाहते.

वाऱ्याचे दोन पाळे

पाण्याबरोबर वाऱ्याचाही हिशेब हवा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या होड्यांच्या काळात मच्छीमार मतलईवर पहाटे बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परत येत. इंजिन आले तरी वारे तेच राहिले. म्हणून उष्ण किनाऱ्यावर सकाळचे पाणी सामान्यतः शांत आणि दुपारचे खवळलेले असते. आपली सहल मात्र उशिरा उठते, पोटभर न्याहरी करते आणि ऐन वाऱ्याच्या वेळी धक्क्यावर येते.

आम्ही गेलो त्या दिवशी माघ शुद्ध त्रयोदशी होती. वरील ठोकताळ्याप्रमाणे भरती पावणेदहाच्या सुमारास यायची, आणि दुपारी चारपर्यंत पाणी उतरत राहायचे. तांडेलाने आम्हांला साडेआठला होडीत बसविले. खाडी भरत होती. दोन्ही काठांच्या माडांची पाने निश्चल होती, आणि होडीचा आवाज सोडला तर पाण्यावर कसलाही आवाज नव्हता. आम्ही संगमापर्यंत जाऊन, एका वाळूच्या पुळणीवर उतरून, दुपारी एकच्या आत परत आलो.

जेवणानंतर मुलांनी हट्ट धरला की, आता बाहेर समुद्रात डॉल्फिन पाहायला जाऊ. जादा पैसे द्यायची तयारी होती. तांडेल म्हणाला, “आता नाय.” एकाने विचारले, “पैसे देतो म्हटल्यावर नाही का म्हणता, काका?” तेव्हा त्याने काही न बोलता नदीच्या मुखाकडे बोट केले. तिथे पांढऱ्या फेसाची एक रेघ उठली होती. सकाळी ती नव्हती.

त्या रेघेचे कारण आमच्या सरांनी तेथेच समजावून दिले. उधाणाची ओहोटी पाणी बाहेर ओढीत होती. खारा वारा लाटा आत ढकलीत होता. पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या चढतात आणि एकमेकींच्या फार जवळ येतात. तशात मुखाशी वाळूचे दांडे, म्हणजे पाणी उथळ. उथळ पाण्यात लाट फुटते. लहान होडीला असे पाणी सर्वांत वाईट. वर्गात ‘खारे वारे व मतलई वारे’ हा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ त्या फेसाच्या रेघेत होता.

भाड्याचे अर्थशास्त्र

आता सौद्याकडे वळू. होडीचे भाडे दोन प्रकारांनी ठरते: संपूर्ण होडीचे एकठोक, किंवा दरमाणशी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका होडीवर ‘प्रवासी २०’ असे लिहिले आहे आणि तिचे दिवसाचे एकठोक भाडे ४,००० रुपये आहे. वीस जण बसले तर प्रत्येकी २०० रुपये पडतात. पंचवीस बसले तर प्रत्येकी १६०. म्हणजे पाच माणसे जास्त घेण्यात भाडेकऱ्याचा फायदा आहे. आता भाडे दरमाणशी २०० आहे असे धरा. वीस माणसांचे ४,००० होतात, पंचविसांचे ५,०००. येथे पाच माणसे जास्त घेण्यात होडीवाल्याचा फायदा आहे.

म्हणजे भाडे कोणत्याही रीतीने ठरवा, होडीत माणसे वाढविण्याची ओढ कायम राहते. फक्त ती कधी एका पक्षाकडे असते, कधी दुसऱ्याकडे. अर्थशास्त्रात आपण शिकतो की खरेदीदार व विक्रेता यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, आणि त्या ओढाताणीतून योग्य भाव ठरतो. पण गर्दीच्या बाबतीत या दोघांत ओढाताण होतच नाही. एकाला स्वस्त पडते, दुसऱ्याला जादा मिळते, आणि कोणी ‘पुरे’ म्हणत नाही. बाजाराने जे काम होणार नाही ते काम येथे कायद्याला करावे लागते. होडीच्या अंगावर रंगविलेला प्रवासीसंख्येचा आकडा हा तो तिसरा पक्ष होय. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळ ही संस्था होड्यांची तपासणी करून परवाने देते. नद्या व जलाशयांतील यांत्रिक होड्यांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे.

वरील उदाहरणात प्रत्येकाची बचत ४० रुपये झाली. चाळीस रुपयांत आज चहा-नाश्ता धड होत नाही. एवढ्यासाठी आपण काय पणाला लावतो, हे पुढे येईलच.

भाड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत पावसाळी समुद्रामुळे पर्यटनाच्या होड्या बंद असतात. त्या किनाऱ्यावर ओढून, शाकारून ठेवतात. खलाशाचे पोट, इंजिनाची दुरुस्ती, कर्जाचा हप्ता हे मात्र बारमाही. खरिपाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. म्हणून भाडे ऐकून ‘अर्ध्या तासाचे इतके?’ असे म्हणणे बरोबर नाही. त्या अर्ध्या तासात होडीच्या रिकाम्या महिन्यांचाही वाटा असतो.

आणि भाव फार पाडला तर काय होते? वांगी घासाघीस करून घेतली तरी वांगी डोळ्यांपुढे असतात. किडके निघाले तर बाजूला काढता येते. होडीच्या सौद्यात होडीवाल्याने काटकसर कशात केली हे दिसत नाही. जॅकेटे जुनी राहतात, दुसरा खलाशी येत नाही, इंजिनाची दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते. आपण कमी केलेले पैसे कुठून वजा झाले हे कळेपर्यंत होडी पाण्यात असते.

आमच्या सहलीत विद्यार्थी व प्राध्यापक मिळून ३९ जण होते. धक्क्यावर एकाने सर्वांना एकाच होडीतून, बऱ्याच कमी पैशांत नेण्याची तयारी दाखविली. “जवळच तर जायचंय,” असे त्याचे म्हणणे. काहींना ते पटलेही. शेजारी जाळे विणीत बसलेला एक वयस्क तांडेल मान वर न करता आमच्या सरांना म्हणाला, “सर, पैशे मागीर मोजा, आदी माणसां मोजा.” आम्ही वीस-वीस प्रवाशांच्या दोन होड्या ठरविल्या. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

तोल

पाच माणसांनी असे काय बिघडते? एक माणूस सरासरी ६० किलोचा धरला तर पाच जण म्हणजे ३०० किलो, तीन क्विंटल. या वजनाने होडी खाली बसते आणि पाण्याच्या वर राहणारी तिची कड कमी होते. मग एरवी कडेला थडकून जाणारी लाट आत येते.

आत आलेले पाणी स्वस्थ बसत नाही. उन्हाळ्यात आपल्या गावांना टँकरने पाणी येते. भरलेला टँकर वळणावर ठीक जातो. अर्धा रिकामा झालेला, आत पाणी हिंदकळत असल्याने, जास्त झोके खातो. होडीतले पाणीही असेच ज्या बाजूला होडी झुकते त्याच बाजूला धावते आणि झुकाव वाढविते.

तिसरी गोष्ट उंचीची. कडब्याने उंच भरलेली बैलगाडी उताराला कलंडते. तेवढ्याच वजनाची, पण सपाट भरलेली पोत्यांची गाडी कलंडत नाही. कारण वजन जितके वर, तितका तोल नाजूक. होडीत बसलेली माणसे म्हणजे पोत्यांची गाडी, उभी राहिलेली माणसे म्हणजे कडब्याची. आणि ती उभी माणसे काहीतरी पाहण्यासाठी एकाच बाजूला धावली तर आणखी सांगायला नको. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन विद्यार्थिनी गेल्या. फोटो काढण्यासाठी मुले एका बाजूला जमल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ती आपल्याच वयाची होती, आणि तीही हौसेनेच निघाली होती.

घडून गेलेले

मराठी माणसाच्या स्मरणात समुद्रावरील सर्वांत मोठा आघात ‘रामदास’ बोटीचा आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असता रायगड भागातील कितीतरी घरे त्या दिवशी उजाड झाली. त्यानंतर बोटी सुधारल्या, नियम आले, तरी दुर्घटना थांबल्या नाहीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. तारीख पाहावी: हंगाम संपायला आलेला आणि मोसमी वारे दारात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात ‘नीलकमल’ या घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीच्या वेळी येऊन आदळली. शंभराहून अधिक माणसे पाण्यात पडली. १५ जणांचा अंत झाला. येथे संकट बाहेरून आले. त्यातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे. तांडेल कितीही जाणता असला तरी सर्वच गोष्टी त्याच्या हातात नसतात, आणि ज्या त्याच्या हातात नाहीत त्यांच्यासाठी जीवरक्षक जॅकेट आहे. ते पायाखाली वा बाकाखाली ठेवून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणे हे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कठीण असते.

हे सारे समुद्राचे झाले. आपण समुद्रापासून दूर आहोत म्हणून निर्धास्त राहावे काय? १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, वर्धा नदीत होडी उलटून ११ जण गेले. ती एका कुटुंबातील व नात्यातील माणसे होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली. १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जॅकेटे नव्हती. शहरातला तलाव तो. तिथे ना भरती, ना लाट. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वळिवाचा वारा किती अचानक येतो हे आपणांस कोणी शिकवायला नको. खळ्यावरचे धान्य झाकताना आपली किती तारांबळ उडते! तोच वारा उघड्या जलाशयावर सुटला तर लहान होडीला आडोसा कुठला?

या घटना कोणाला भिवविण्यासाठी दिलेल्या नाहीत. त्या एकत्र वाचल्या की एक गोष्ट दिसते. पाणी किती खोल वा किती मोठे होते हा प्रश्न बहुतेक ठिकाणी गौण आहे. किती माणसे होती, ती कशी बसली होती, अंगावर काय होते, आणि निघायच्या आधी कोणी ‘नको’ म्हणाले की नाही, हे प्रश्न मुख्य आहेत.

होडी ठरविताना

पुढील वर्षी सहलीस जाणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी काही सूचना थोडक्यात देतो.

१. होडीवर लिहिलेली प्रवासीसंख्या स्वतः वाचावी. लिहिलेली नसेल तर ती होडी घेऊ नये. लहान मूलही एक माणूस म्हणूनच मोजावे.

२. परवाना विचारण्यात संकोच नसावा. चांगला होडीवाला त्याने रागावत नाही.

३. माणसे जास्त असतील तर दुसरी होडी घ्यावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात. भाड्याची घासाघीस करायचीच असेल तर वेळेवर करावी, माणसांच्या संख्येवर करू नये.

४. आदल्या दिवशी तिथी पाहून भरतीचा अंदाज घ्यावा आणि निघण्याची वेळ तांडेलालाच विचारावी. आपला कार्यक्रम त्याप्रमाणे आखावा. शक्यतो सकाळीच निघावे.

५. जॅकेट धक्क्यावरच घालावे, सर्व बंद आवळावेत आणि परत धक्क्यावर आल्यावरच काढावे. ‘मला पोहता येते’ हे कारण चालू देऊ नये. विहिरीत पोहणे निराळे, ओढीच्या पाण्यात पोहणे निराळे.

६. होडीत चढल्यावर तांडेल बसवील तिथे बसावे. फोटोसाठी उभे राहू नये. डॉल्फिन दिसला तर तो ज्या बाजूला आहे त्या बाजूच्यांनी पाहावा. पुढचा दुसऱ्या बाजूला दिसेल.

७. उष्ण किनाऱ्यावर पाण्यात ऊन दुप्पट जाणवते. पिण्याचे पाणी, टोपी आणि हलके खाणे बरोबर असावे. भरल्या पोटी होडीत बसू नये.

८. तांडेल ‘नाही’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये, दुसरा होडीवालाही शोधू नये. जो ‘हो’ म्हणेल तो बहुधा पहिल्यापेक्षा कमी जाणता किंवा अधिक गरजू असेल.

शेवटची सूचना सर्वांत अवघड आहे. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, घरून मोजके पैसे आणून आलेल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ हा शब्द सोसत नाही. पुन्हा कधी येणे होईल याची शाश्वती नसते. आमच्यातही त्या दुपारी बरीच धुसफूस झाली. पण तांडेलाच्या बाजूनेही विचार करावा. दोन होड्यांचे जादा पैसे मिळणार असताना त्याने ते सोडले. हंगामाच्या दिवसांत ती लहान रक्कम नव्हे. त्याचे ‘नाही’ हे त्याच्या खिशातून आलेले होते.

समारोप

तात्पर्य, होडीचे भाडे हा वस्तूच्या किमतीचा व्यवहार नसून विश्वासाचा व्यवहार आहे. आपण ज्याच्या हाती जीव देतो, त्याला खोटे बोलण्याची गरज पडू नये इतके भाडे द्यावे, आणि त्याला ‘नाही’ म्हणता यावे इतका मान द्यावा. सरकारने नियम करावेत, मंडळाने तपासणी करावी, हे योग्यच. परंतु धक्क्यावर उभे राहून ‘अजून दोघे बसतील’ असे म्हणणारा आवाज पुष्कळदा भाडेकऱ्याचाच असतो. तो आवाज आपला नसला की निम्मे काम झाले.

हिवऱ्याजवळ कोराडीचा जलाशय पसरला आहे. जिल्ह्यात इतरही धरणांची पाणी आहेत, आणि सुटीच्या दिवशी पाण्यावर जाण्याची हौस सर्वत्र वाढत आहे. म्हणून समुद्रावर शिकलेला हा धडा येथेही लागू आहे.

आणि शिस्त आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला आपल्याच गावात अफाट पंगत बसते. ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, आणि एवढा जनसमुदाय आपापल्या जागी बसून असतो; कोणी मध्येच उठत नाही, कोणी कोणाला रेटत नाही. जमिनीवर जे आपण दरवर्षी करून दाखवितो, तेच वीस माणसांच्या होडीत करायचे आहे. आधी माणसे मोजायची आणि मग आपल्या जागी बसून राहायचे.